विमानासाठी एरंडेल

मॉडेल विमानांचा छंद खर्चिक आहे, असे लोक समजतात. तो खर्चिक आहेच. पण त्याचा खरा जाच पैशांचा नसून चौकश्यांचा आहे. बाल्सा लाकडाचा पंख मोडला तर तो मुकाट्याने चिकटवता येतो आणि रेडिओ बिघडला तर बदलता येतो. त्याविषयी शेजारीपाजारी काही विचारत नाहीत. ग्लो इंजिनाचे इंधन, म्हणजे मिथेनॉल आणि तेल यांचे मिश्रण, मात्र घरी मिसळावे लागते, आणि ते मिसळायला घेतले की ज्याचा विमानाशी संबंध आवाज आल्यावर वर बघण्यापुरता आहे, अशा माणसालाही तेलाविषयी ठाम मत असल्याचे उघड होते.

पहिले मत पेट्रोलचे असते. ‘एवढंसं इंजिन, घाला की थोडं पेट्रोल आणि टू-टी ऑइल,’ हा सल्ला मला सलूनमध्ये, रेशनच्या रांगेत आणि एका बारशातही मिळालेला आहे. इंजिन साडेसहा सीसीचे असले तरी त्याच्या प्लगमधून ठिणगी पडत नाही, हे बारशात समजावून सांगणे कठीण असते. त्या प्लगमध्ये प्लॅटिनमच्या मिश्रधातूची बारीक तार गुंडाळलेली असते. सुरुवातीला दीड व्होल्टच्या सेलने ती लाल करायची, इंजिनाने सूर धरला की सेल काढून घ्यायचा, आणि पुढे मिथेनॉलची वाफ प्लॅटिनमच्या संगतीने जळत राहून ती तार लाल ठेवते. पेट्रोलला प्लॅटिनमचे असे कौतुक नाही. रे आर्डेन नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १९४७च्या सुमारास हा प्लग बाजारात आणला आणि चिमुकल्या विमानांवरून बॅटरी, कॉइल व कंडेन्सर यांचे ओझे उतरवले. ते ओझे त्याने जमिनीवर उभ्या असलेल्या, तेल निवडणाऱ्या माणसाच्या डोक्यावर ठेवले, हे इतिहासात कोणी लिहीत नाही.

दुसरे मत माझ्या मेहुण्याचे. सांगली जिल्ह्यात माणूस साखर कारखान्यात नोकरीला नसला, तर त्याचा निदान एक नातेवाईक तरी असतो. आमच्या घरी ते पद मेहुण्याकडे आहे. ‘दाजी, अल्कोहोल म्हणजे अल्कोहोल. आमच्या डिस्टिलरीतून टँकरच्या टँकर भरून जातोय, आणि तुम्ही पाच लिटरसाठी वणवण करताय,’ असे तो दर दिवाळीला म्हणतो. मळीपासून निघते ते इथेनॉल आणि इंजिनाला हवे ते मिथेनॉल, या दोहोंत एका कार्बन अणूचा फरक आहे. मिथेनॉल मात्र परवान्याशिवाय मिळत नाही, आणि ते योग्यच आहे. दहा मिलिलिटर पोटात गेले तरी दृष्टी जाऊ शकते, ते पेटले तर दिवसाउजेडी ज्योत दिसत नाही, आणि २०१५ साली मुंबईतल्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली ती याच द्रवामुळे. त्यामुळे मिथेनॉलचे नाव काढल्यावर विक्रेता चष्म्याच्या वरून पाहतो, तेव्हा मी रागावत नाही. कागदपत्रे पुढे करतो. ‘विमानासाठी पाहिजे’ हे वाक्य उच्चारल्यावर मात्र तो चष्मा काढूनच पाहतो.

नायट्रोमिथेनविषयी फार बोलण्यात अर्थ नाही. परदेशातले हौशी लोक ते इंधनात पाच ते पंधरा टक्के घालतात, त्यामुळे ताकद वाढते आणि संथ गतीवरही इंजिन फुरफुरत नाही. आपल्याकडे ते महाग आणि दुर्मीळ असून, त्याची चौकशी जास्त उत्साहाने केल्यास आपलीच चौकशी होण्याची शक्यता असते. समाधान एवढेच, की आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाच्या कंट्रोल लाइन, म्हणजे तारेला धरून गोल फिरवायच्या विमानांच्या, वेगस्पर्धेत जे ठरावीक इंधन देतात, त्यात ८० टक्के मिथेनॉल आणि २० टक्के एरंडेल असते, नायट्रो अजिबात नाही. आमची गरिबी अशी जागतिक दर्जाची आहे.

खरी लढाई त्या २० टक्क्यांवरून जुंपते. मिथेनॉलमध्ये मोटारीचे साधे ऑइल विरघळत नाही, ते तळाशी स्वतंत्र संसार थाटते. म्हणून एक तर एरंडेल हवे, नाहीतर खास बनवलेले सिंथेटिक तेल. आमच्या गटात या दोन तेलांचे दोन पंथ आहेत. एरंडेल पंथाचे प्रमुख आप्पा हे निवृत्त टर्नर असून त्यांचे म्हणणे असे, की इंधन कमी पडून इंजिन तापले तर सिंथेटिक तेल जळून पळ काढते आणि एरंडेल तापेल तसे घट्ट होऊन धातूला धरून बसते. सिंथेटिक पंथाचा म्होरक्या विश्रामबागेत राहणारा एक तरुण इंजिनिअर आहे. त्याचे म्हणणे असे, की ते धरून बसलेले एरंडेल नंतर सुटतच नाही. पिस्टनवर तपकिरी लुकणाचा थर चढतो, रिंग खाचेत चिकटते, आणि पावसाळाभर पडून राहिलेल्या इंजिनाचा पंखा मग हाताने फिरवायला गेल्यास फिरत नाही. दोघांचेही खरे आहे, हीच अडचण आहे. कोणी एक जण जरी खोटे बोलत असता, तर हे एरंडाचे गुऱ्हाळ दर रविवारी चालले नसते.

माझे मत विचारले तर नव्या, बॉल बेअरिंगच्या इंजिनाला सिंथेटिकमध्ये थोडे एरंडेल मिसळून द्यावे, आणि जुन्या, साध्या बुशच्या इंजिनाला निव्वळ एरंडेल द्यावे. पण माझे मत कोणी विचारत नाही, आणि परदेशी सिंथेटिकची किंमत पाहिली की माझेही जुने संस्कार जागे होतात.

एरंडेलासाठी सांगलीच्या गणपती पेठेत जावे लागते. केमिस्टाकडे छोट्या बाटलीत औषधाचे मिळते, ते उत्तम असते, पण त्या भावात विमान उडवायचे तर घर गहाण ठेवावे लागेल. तेलाच्या दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो.

‘गव्हाला लावायचंय का डाळीला?’

‘दोन्हीला नाही.’

‘मग पोटात घ्यायला? लहानाला का मोठ्याला?’

‘विमानाला.’

दुकानदाराने मापटे तसेच हातात धरून माझ्याकडे पाहिले आणि मागे बसलेल्या वडिलांना हाक मारली. वडिलांनी शांतपणे विचारले, ‘किती दिवस झालेत?’

त्यांचे तसे फारसे चुकले नव्हते. पहिल्या महायुद्धातील नोम आणि ल रोन या गोल फिरणाऱ्या इंजिनांना एरंडेलच लागे, कारण ते पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नाही. आणि ते तेल पुन्हा टाकीत न येता धुराबरोबर बाहेर पडून मागे बसलेल्या वैमानिकाच्या नाकातोंडात जाई. त्याचा परिणाम पोटावर काय होत असे, हे गणपती पेठेतल्या कोणालाही सांगण्याची गरज नाही. मी हा इतिहास त्या वडिलांना थोडक्यात सांगितला. त्यांनी सबंध ऐकून घेतला आणि ‘मग रेचकच की ओ,’ असे म्हणून एक किलो तोलायला सांगितले.

येथे गणिताचा पेच असतो. एरंडेल किलोवर मिळते, मिथेनॉल लिटरवर, आणि इंधनाचे प्रमाण आकारमानाने धरायचे असते. एरंडेलाची घनता ०.९६ असल्यामुळे एक किलो म्हणजे सुमारे १.०४ लिटर, आणि त्याला सुमारे ४.२ लिटर मिथेनॉल लागते. हिशेब सोपा आहे, पण ‘किलो म्हणजेच लिटर’ यावर आमच्या घरात सगळ्यांची निष्ठा असल्यामुळे तो मला एकट्याला करावा लागतो.

मिसळण्याचे काम परसात, वारा असलेल्या जागी, हातमोजे घालून करायचे. ‘अहो, स्वयंपाकघरातलं एकही भांडं त्याला लागलं ना, तर त्या विमानाबरोबर तुम्हीही माळावर राहायला जा,’ असा नियम पत्नीने घालून दिलेला आहे आणि विषाच्या बाबतीत तो मला शंभर टक्के मान्य आहे. माझे मोजपात्र, नरसाळे आणि कवटीचे चित्र काढलेला कॅन कुलपात असतो. आधी थोड्या मिथेनॉलमध्ये तेल सोडले की जाड धार सरळ तळाला जाते. कॅन कलता केला की तळातून धूसर रेषा उठतात, पुन्हा बसतात, आणि हलवत राहिल्यावर एका क्षणी सगळे एकदम नितळ, फिकट पिवळे होते. ते नितळ झाले नाही, दुधी राहिले, तर मिथेनॉलने हवेतले पाणी ओढून घेतलेले असते किंवा तेल भेसळीचे असते. यांपैकी कोणते, यावर दोन्ही पंथ अर्थातच वेगवेगळे बोलतात.

कवलापूरच्या बाजूच्या माळावर इंजिन चालू झाले, की इंधन कमी-जास्त करणारा सुई-व्हॉल्व्ह उघडा ठेवून ते आधी जाड, म्हणजे जास्त इंधनाच्या, मिश्रणावर घोरू द्यावे लागते. पांढरा धूर निघतो आणि तो गोडसर, खमंग वास पसरतो, ज्यासाठी आप्पा सत्तरीतही सकाळी सहाला हजर असतात. मिथेनॉल पेट्रोलच्या दुपटीहून जास्त लागते, त्यामुळे पाव लिटरची टाकी दहा मिनिटांत संपते. तिच्यातले सुमारे पन्नास मिलिलिटर तेल बहुतांशी न जळता बाहेर पडते आणि विमानाच्या पोटावर, शेपटीवर व मालकाच्या शर्टावर वाटून बसते. शर्टाचा डाग निघत नाही. माझे उडवायचे शर्ट आता वेगळे आहेत, आणि ते दोरीवरही वेगळे वाळतात.

इंधनाचे एकदाचे ठरले, म्हणून मी निवांत होणार होतो. तेवढ्यात आप्पांनी आठवण करून दिली, की मिथेनॉल ओलावा धरते, म्हणून उड्डाण संपल्यावर टाकी रिकामी करून इंजिनात उरलेले इंधन जाळून टाकावे आणि बेअरिंग गंजू नये म्हणून आत वेगळ्या तेलाचे चार थेंब सोडावेत. कोणत्या तेलाचे, यावर पुन्हा दोन पंथ आहेत, आणि मेहुण्याचा तिसरा. मी सध्या शिवणयंत्राचे तेल वापरतो. बाटली कोणाची, हा प्रश्न घरात अजून निघालेला नाही, कारण ते यंत्र दिवाळीआधी कोणी उघडत नाही.