वाट नसलेल्या सरोवरांचा खारेपणा: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

ज्या सरोवरातून पाण्याला बाहेर वाट नसते ते खारट होते, या माझ्या नियमावरची आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. आपले म्हणणे असे, की नदीचे पाणी गोडे असताना तिने भरलेले सरोवर खारट होणे शक्य नाही, त्यामुळे अशी सरोवरे प्राचीन समुद्राचे अवशेषच असली पाहिजेत. शिवाय आफ्रिकेतील चाड सरोवराला बाहेर वाट नसूनही ते गोडे आहे, म्हणजे माझा नियमच मोडीत निघतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, पण आधी पहिला पाहू.

पावसाच्या पाण्यात हवेतील कार्बन डायऑक्साइड विरघळून ते किंचित आम्लधर्मी होते आणि खडक झिजवीत क्षार बरोबर नेते. ते इतके थोडे असतात की जिभेला कळत नाहीत. आता हिशेब करा. १० मीटर खोल सरोवरात दर लिटरला १०० मिलिग्रॅम क्षार असलेले नदीचे पाणी येते आणि वर्षाला दीड मीटर पाण्याची वाफ होते, असे धरू. वाफ क्षार नेत नाही, त्यामुळे दर चौरस मीटरला वर्षाकाठी १५० ग्रॅम क्षार मागे राहतात आणि सुमारे २३०० वर्षांत ते पाणी समुद्राइतके खारट होते. भूशास्त्राच्या मोजमापात हा काळ अगदीच किरकोळ आहे.

इस्रायलमध्ये जॉर्डन नदी गॅलिली सरोवरात शिरते आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडते. तळाशी खारे झरे असूनही त्या सरोवराचे पाणी पिण्यासाठी वापरले जाते. तीच नदी पुढे मृत समुद्रात संपते, आणि तिथे क्षारांचे प्रमाण सुमारे ३४ टक्के आहे. मृत समुद्राच्या बाबतीत मात्र आपला तर्क निराधार नाही, कारण त्या खोऱ्यात एके काळी भूमध्य समुद्राचे पाणी शिरत असे आणि काठच्या सदोमच्या डोंगरातील मिठाचे थर त्याची साक्ष देतात. पण तो वारसा सर्वच सरोवरांना लागू करता येत नाही.

आपले लोणारच घ्या. ते विवर लाव्हारसापासून बनलेल्या काळ्या पाषाणात (बेसॉल्टमध्ये), उल्कापाताने झाले आहे. तिथे समुद्राचा अवशेष शोधून सापडणार नाही. काठावरच्या धारेचे पाणी गोडे आहे, आणि तेच खाली विवरात साठून आटत गेले की बोटांना साबणासारखे बुळबुळीत लागते, कडेच्या चिखलावर पांढरी पापडी धरते. बेसॉल्टमधून आलेल्या पाण्यात बायकार्बोनेट (कार्बोनेटचाच विरघळलेला प्रकार) भरपूर असते. पाणी आटू लागले की कॅल्शियम आधी चुन्याच्या रूपाने खाली बसते, आणि त्यानंतरही कार्बोनेट शिल्लक राहिल्याने सोडियमबरोबर सोडा तयार होतो. म्हणून लोणारमध्ये मिठाच्या जोडीला सोडा आहे, आणि पाण्याचा सामू (आम्लता-अल्कता दाखवणारा अंक; सात म्हणजे उदासीन) दहाच्या आसपास जातो. जिथे कार्बोनेट आधी संपते आणि कॅल्शियम उरते, तिथे पाण्याची जात निराळी होते; मृत समुद्र त्याच बाजूचा आहे. समुद्राचे पाणी नुसते आटवून लोणारचे पाणी मिळत नाही, आणि आपल्या तर्काची खरी अडचण हीच आहे.

आता चाड. तिथे नदीरूपाने बाहेर वाट नाही हे खरे, पण भूगर्भातून आहे. सरोवराचे पाणी वाळूच्या टेकड्यांखाली झिरपते आणि क्षार बरोबर घेऊन जाते; ईशान्येकडे कानेम प्रदेशाच्या खळग्यांत ते पाणी आटते आणि तिथून लोक पिढ्यान्‌पिढ्या नॅट्रॉन (नैसर्गिक सोडा) खणून काढतात. क्षार नाहीसे झालेले नाहीत, शेजारी जाऊन साठले आहेत. तेव्हा नियम नेमका मांडायचा तर असा: पाण्याला वाफेखेरीज दुसरी कोणतीही वाट नसली, तरच सरोवर खारट होते.

लोणार दरवर्षी अधिकाधिक खारट का होत नाही, या आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पावसाळ्यात आहे. क्षारांचे एकूण वजन आणि पाण्यातील त्यांचे प्रमाण या दोन गोष्टी आहेत. भरपूर पावसाच्या वर्षी पहिले तेवढेच राहून दुसरे घटते. याउलट जून २०२० मध्ये पाणी कमी होऊन खारेपणा वाढला आणि क्षारप्रिय सूक्ष्मजीव फोफावल्याने सरोवर गुलाबी दिसू लागले. पाऊस झाल्यावर तो रंग ओसरला.