'मेट्रॉइड प्राइम' दोन स्टिकसाठी बनलाच नव्हता

सध्या एक पोस्ट फिरतेय. तिचं म्हणणं असं: 'मेट्रॉइड प्राइम' हा व्हिडिओ गेम मुळात दोन स्टिकसाठी (डाव्या अंगठ्याने चालायचं, उजव्याने नेम धरायचा) बनला आणि मोशन कंट्रोलने, म्हणजे कंट्रोलरच हातात वळवून नेम धरण्याने, तो बिघडवला, हात हवेत धरून खांदे भरून येतात, नेम आपोआप लागतो म्हणून त्यात कौशल्य नाही, आणि ज्याला दोन स्टिक जमत नाहीत त्याने फर्स्ट पर्सन गेम खेळूच नये. माझ्या मावसभावाने ती वाचली आणि घरच्या निन्टेंडो स्विच कन्सोलवर मोशन बंद करून टाकलं. त्याच्या मुलीने तेव्हापासून तो गेम उघडलेला नाही.

पहिला मुद्दा धडधडीत खोटा आहे. २००२ साली रेट्रो स्टुडिओजने निन्टेंडोच्या गेमक्यूब कन्सोलवर हा गेम आणला, तेव्हा चालणं आणि वळणं दोन्ही डाव्या स्टिकवर होतं. उजव्या, पिवळ्या सी-स्टिकने नेम धरता येतच नव्हता. तिने बीम, म्हणजे बंदुकीतून सुटणारा किरण, बदलायचा. वर-खाली बघायचं तर आर बटण दाबून ठेवायचं, आणि तेवढा वेळ गेमची नायिका सॅमस जागच्या जागी उभी! शत्रूवर नजर खिळवायला एल होतं, त्यावर अख्खी लढाई चालायची. मग दोन स्टिकचा 'मूळ अनुभव' आला कुठून? शंका असेल त्याने स्विचवरच्या २०२३ च्या नव्या आवृत्तीची, 'रिमास्टर्ड'ची, सेटिंग उघडावी. तिथे चार पद्धती आहेत: ड्युअल स्टिक, पॉइंटर (हात वळवून नेम धरायची), हायब्रिड आणि क्लासिक. जुन्या मांडणीचं नाव क्लासिक आहे, ड्युअल स्टिक नव्हे. उलट चालता चालता मान वर करून नेम धरायची सोय या मालिकेच्या टीव्हीवर खेळायच्या भागांत आणली ती निन्टेंडोच्या वी कन्सोलच्या पॉइंटरनेच, २००७ च्या तिसऱ्या भागात, 'करप्शन'मध्ये. तिन्ही भाग एकत्र देणाऱ्या २००९ च्या 'ट्रिलॉजी'त ती पहिल्या दोन भागांनाही मिळाली.

खांद्यांचं म्हणाल तर, हात मांडीवर टेकवून नुसतं मनगट हलवलं तरी पुरतं. नेमाचं म्हणाल तर, शत्रूवर नजर खिळवायची सोय साध्या कंट्रोलरवरही आहे. मोशनला वेगळी सूट कसली?

एक कबूल करते. 'करप्शन'मधले वीचा रिमोट पुढे ढकलून, पिरगाळून, मागे ओढून चालवायचे खटके मलाही कंटाळवाणे वाटतात. स्विचवर पॉइंटर सरकतो, मधूनमधून तो पुन्हा मध्यावर आणावा लागतो. पण ही तक्रार त्या खटक्यांची आणि सेन्सरची झाली. मनगटाने नेम धरण्यात त्यामुळे काही खोट येत नाही.

शेवटच्या मुद्द्याचा मला खरा राग आहे. अंगठ्याची हालचाल मर्यादित असलेली माणसं आहेत, पहिल्यांदाच कंट्रोलर हातात घेणारी मुलं आहेत. जिकडे बघायचं तिकडे हात वळवणं त्यांना लगेच जमतं. हा गेम भिंती स्कॅन करत, नकाशा उलगडत, आधी न उघडलेल्या दारांकडे परत येत खेळायचा. त्यातलं काहीही अंगठ्याच्या चपळाईवर अडत नाही. दादा, सेटिंगमध्ये जा, पॉइंटर निवड आणि कंट्रोलर पोरीच्या हातात दे.