कोलंबाइनवरचा तो गेम आणि कट्ट्यावरची भांडाभांडी

"काल तो गेम खेळलो," छोटू म्हणाला. कुठला विचारलं तर म्हणे सुपर कोलंबाइन मॅसकर आरपीजी (मॅसकर म्हणजे कत्तल, आरपीजी म्हणजे एखादं पात्र होऊन खेळायचा गेम). मास्तरने मोबाईल खिशात टाकला, म्हणजे आता तासभर कोणी हलत नाही हे कळलंच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: २० एप्रिल १९९९ ला अमेरिकेत, कोलोरॅडोतल्या कोलंबाइन हायस्कूलमध्ये तिथेच शिकणाऱ्या दोन पोरांनी १२ विद्यार्थी आणि १ शिक्षक मारला, मग तिथल्याच लायब्ररीत स्वतःला गोळ्या घालून घेतल्या. २००५ च्या २० एप्रिलला डॅनी लेडोन नावाच्या कोलोरॅडोच्याच माणसाने हा गेम नेटवर फुकट टाकला, तोही आधी स्वतःचं नाव लपवून. खेळणारा कोण असतो? तेच दोघं. सगळा राडा इथून सुरू होतो.

मास्तर भडकलाच. "मी शाळेत शिकवतो रे. तिथला शिक्षक मेलाय, आणि तू त्याला मारायचं बटण दाबत बसलास?"

छोटू म्हणाला, ऐक तर. मजा अजिबात येत नाही. ग्राफिक्स म्हणजे जुन्या जमान्यातले टीचभर बाहुले, मारामारी म्हणजे मेनूतून पर्याय निवडायचा. आधी कॅमेरे चुकवत कॅफेटेरियात बॉम्ब ठेवायचे, ते फुटतच नाहीत (खरे पण फुटले नव्हते), मग बंदुका घेऊन वर्गावर्गातून फिरत राहायचं, तेच ते, तेच ते, आणि थोड्या वेळाने चक्क कंटाळा येतो, आणि या गोष्टीचा आपल्याला कंटाळा आलाय हे लक्षात आलं की कसंतरीच होतं. मग ते दोघं मरतात आणि स्क्रीनवर एकदम खरे फोटो येतात, रडणारी पोरं वगैरे. त्यानंतर उरलेला गेम थेट नरकात, समोर डूम नावाच्या गोळ्या झाडायच्या जुन्या गेममधले राक्षस. ते दोघं डूमचे वेडे होते ना.

"म्हणजे शिक्षा?" मी विचारलं. "तेच तर कळत नाही," छोटू म्हणाला, "डूमच्या वेड्याला डूममध्येच टाकलं तर ती शिक्षा का बक्षीस?" हे मला अजून पटतंय.

वकील तोवर गप्प होता. तो गप्प असला की मुद्दे जुळवत असतो. म्हणाला, "एलिफंट पिक्चर याच घटनेवर बेतलेला, २००३ ला फ्रान्सच्या कान फिल्म फेस्टिव्हलमध्ये सगळ्यात मोठं बक्षीस घेऊन गेला. हा गेम २००७ ला स्लॅमडान्स या अमेरिकेतल्या फिल्म फेस्टिव्हलच्या गेम स्पर्धेत अंतिम फेरीत निवडला आणि मग आयोजकांनीच बाहेर काढला. निषेध म्हणून ब्रेड, फ्लो असल्या गेमवाल्यांनी आपले गेम मागे घेतले. पिक्चरला मान आणि गेमला हाकला, का? तर गेम म्हणजे पोरखेळ असं तुम्ही आधीच ठरवलंय."

मास्तर म्हणे पिक्चरमध्ये मी बघतो, इथे मी करतो. आणि २००६ ला कॅनडात माँट्रियलच्या डॉसन कॉलेजात गोळीबार करणाऱ्याच्या आवडत्या गेममध्ये हाच होता, त्याचं काय?

वकील: "तो आवडता होता म्हणून त्याने माणसं मारली हे कसं सिद्ध करणार? कोलंबाइननंतर पण गेम कंपन्यांवर ५ अब्ज डॉलरचा दावा ठोकला होता, २००२ ला कोर्टाने फेटाळला." मास्तर म्हणाला कोर्टात टिकत नाही म्हणजे चांगलं असतं का. यावर वकिलाकडे उत्तर नव्हतं, तो नुसता हसला.

मी म्हणालो, तुम्ही दोघं भलतीकडेच भांडताय. पिक्चर का गेम हा मुद्दाच नाही. जेएफके रीलोडेड हा गेम बघा, २००४ चा. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडींवर गोळ्या झाडायच्या आणि त्यांच्या खुनाची चौकशी करणाऱ्या वॉरन कमिशनच्या अहवालाशी जितकं जुळेल तितके जास्त मार्क. तिथे माणूस म्हणजे नुसतं टार्गेट. त्या मानाने लेडोनने निदान विचार केलाय, मारेकऱ्यांचं स्वतःचं लिखाण, बोलणं शोधून गेममध्ये घातलंय. पण माझं भांडण तिथेच आहे. मारणाऱ्यांना खरी नावं, खरी वाक्यं, बालपण, सगळं. मरणाऱ्यांना काय? एक 'प्रेपी गर्ल' (श्रीमंती थाटातली मुलगी), एक 'जॉक टाइप' (खेळाडू छापाचा पोरगा). त्या दोघांना शाळा जशी दिसायची तशीच आपल्याला दिसते. लेडोनचा हेतू तोच असेल, असूदे, पण मग मेलेली पोरं पुन्हा एकदा त्या दोघांच्याच नजरेतून मरतात ना.

वाटलं, जिंकलो. वकील शांतपणे म्हणाला, "मग खरी नावं टाकायला हवी होती? एखाद्या आईने मुलीचं नाव वाचायचं आणि खाली 'हल्ला करा' असा पर्याय?"

कोणीच बोलेना. मास्तर सुद्धा.

मी म्हणालो, मग बंदूकच हातात द्यायची नाही. धिस वॉर ऑफ माइन या गेममध्ये नाही का, बोस्नियाच्या युद्धातल्या सारायेवो शहराच्या वेढ्यावरून सुचलेला, तिथे आपण सैनिक नाही, घरात अडकलेली साधी माणसं, औषध आणि जेवण शोधत फिरणारी. तोही रडवतो. छोटू लगेच म्हणाला, "पण त्यातली माणसं काल्पनिक आहेत, त्यात खरी आई कोण दुखावणार? आणि शाळेत टेबलाखाली लपलेल्या पोराचा गेम काढला असता तर मास्तर खेळला असता का?"

मास्तर म्हणाला, तो तर अजिबात नाही.

"बघ," छोटू म्हणाला, "म्हणजे तुला मारणारा पण नको आणि लपणारा पण नको."

"मला गेमच नको," मास्तर म्हणाला, आणि वकील पुन्हा सुरू झाला की मग पिक्चर तरी का बघितलास, आणि गाडी परत पहिल्या स्टेशनवर. माझं म्हणाल तर मी तो खेळणार नाहीये, पण छोटूने खेळला म्हणून त्याला शिव्या पण घालणार नाही, कारण आमच्यात तो एकटाच होता ज्याला त्यात नेमकं काय आहे हे माहीत होतं, बाकी आम्ही सगळे वाचून भांडत होतो.