‘मन साफ असेल तर खाते उघडे ठेवा’ या सल्ल्याचा प्रतिवाद

ऑनलाइन डेटिंग करणाऱ्या तरुणांना उद्देशून लिहिलेला एक संदेश सध्या गोव्यातील व्हॉट्सॲप गटांवर फिरतो आहे. त्याचा आशय असा: ज्याचे मन साफ, तो आपले खाते खासगी ठेवत नाही, खरेपणा पारखायचा असेल तर पहिल्याच आठवड्यात एकमेकांना इन्स्टाग्रामवर जोडून घ्यावे, गोवा एवढेसे, इथे नाहीतरी कोणाचे काही लपत नाही, आणि पुढे बिनसलेच तर फोटो काढून टाकले की विषय संपतो. सल्ला काळजीपोटी दिलेला दिसतो. लग्न झालेली माणसे अविवाहित म्हणून ॲपवर वावरतात, ही त्यामागची भीतीही निराधार नाही. तरीही तो पाळणाऱ्याचे, आणि त्याहून अधिक पाळणारीचे, त्यात नुकसानच आहे.

पहिला मुद्दा साफ मनाचा. तोतयाला आपले खाते उघडेच ठेवावे लागते, कारण ते लोकांनी पाहावे म्हणूनच रचलेले असते, आणि त्यातील फोटो दुसऱ्या कोणाच्या तरी उघड्या खात्यावरून उचललेले असतात. समोरच्याचा फोटो गूगल लेन्सवर शोधून पाहिला आणि दहा मिनिटे व्हिडिओ कॉलवर बोलून घेतले, तर त्याचे शंभर फोटो चाळण्यापेक्षा अधिक कळते. लग्न झाले आहे का, हे तर सरळ विचारावे. उत्तर देताना होणारी चुळबुळ पुरेशी बोलकी असते. फेसबुकने २०२० मध्ये भारतात प्रोफाइलला कुलूप लावण्याची सोय आणली, ती मुख्यतः महिलांचे फोटो अनोळखी लोकांच्या हाती पडू नयेत म्हणून. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. तो हक्क वापरणाऱ्याकडे संशयाने पाहण्याचे कारण काय, हे संदेश लिहिणाऱ्याने सांगायला हवे होते.

‘गोवा एवढेसे’ हा मुद्दा सर्वांत फसवा, कारण तो अर्धा खरा आहे. २०११ च्या जनगणनेत साडेचौदा लाख लोकसंख्या असलेल्या या राज्यात माणूस शोधायला फार धागेदोरे लागत नाहीत. चतुर्थीला माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या सजावटीखाली) काढलेला फोटो, त्याखाली चुलत भावाने आडनावासह केलेली टिप्पणी आणि मागे अंगणात उभी असलेली जीए-०५ क्रमांकाची स्कूटर एवढ्यावरून फोंडा तालुका आणि घराणे कळते. जाणकाराला वाडाही, म्हणजे गावातली वस्तीही, कळते. पणजीच्या कॅफेत पहिल्या भेटीचे बिल निम्मे-निम्मे करताना यूपीआयने पैसे पाठवले, तर बँकेतील पूर्ण नाव समोरच्याला दिसते आणि यूपीआय आयडी मोबाइल क्रमांकाचाच असेल तर क्रमांकही जातो. ॲपवर इतके दिवस फक्त पहिले नाव ठेवण्याचा उपयोग तिथेच संपतो. (पहिल्या भेटीपुरते रोख पैसे द्यावेत, हे कोणाला जुनाट वाटले तरी चालेल.)

शिवाय गावात आपल्याविषयी ज्याला माहिती असते, त्याच्याविषयी आपल्यालाही असते. त्याची आई जत्रेत आपल्या आईला भेटते, आणि त्याने काही आगळीक केली तर जाब विचारायला कोणत्या दारात जायचे हे घरच्यांना ठाऊक असते. आठवडाभरासाठी कळंगुटला उतरलेल्या माणसाला असा धाक नसतो. त्याला आपला वाडा कळतो आणि आपल्याला त्याचे शहरही खात्रीने कळत नाही. टिंडर या डेटिंग ॲपवर वेगवेगळ्या तीन ठिकाणांहून अंतर मोजून व्यक्तीची नेमकी जागा काढता येत असल्याचे सुरक्षा संशोधकांनी २०१४ मध्ये उघड केले होते. ती त्रुटी दुरुस्त झाली. पण ॲप ‘दोन किलोमीटरवर’ असे म्हणते, तेव्हा डिचोलीसारख्या ठिकाणी तर्क करायला तेवढे पुरते. समलिंगी व्यक्तीच्या बाबतीत उघडे खाते म्हणजे घरच्यांना कधी आणि कसे सांगायचे हा निर्णयच हातून जाणे. लहान जागेत कुलूप अधिक लागते, कमी नव्हे. फोनमधील क्रमांक देऊन नातेवाइकांना आपले प्रोफाइल दिसू न देण्याची सोय टिंडरमध्ये २०२१ पासून आहे. मडगावच्या मामांसाठी ती जरूर वापरावी.

आता इन्स्टाग्रामच्या देवाणघेवाणीविषयी. खाते जोडले की फोटोंबरोबर आपल्या फॉलोअर्सची यादीही समोरच्याला मिळते, आणि खंडणी मागणाऱ्याला नेमकी तीच हवी असते. आधी गोड बोलून खासगी फोटो मिळवायचा किंवा व्हिडिओ कॉल गुपचूप रेकॉर्ड करायचा, मग त्या यादीचा स्क्रीनशॉट पाठवून ‘यातल्या प्रत्येकाला पाठवीन’ असे धमकावायचे, ही पद्धत आता सर्वत्र सारखीच आढळते. भाऊ, मावशी, कार्यालयातील वरिष्ठ असे सगळे त्या यादीत एकाच ठिकाणी सापडतात. चार-दोनदा प्रत्यक्ष भेटून विश्वास बसल्यावर खाते द्यायला हरकत नाही, पण तोवर टॅग केलेले फोटो आपल्या संमतीनंतरच दिसतील अशी व्यवस्था करून ठेवावी.

फोटो काढून टाकण्याबाबत फार लिहिण्याची गरज नाही. एकदाच उघडणाऱ्या फोटोचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲप घेऊ देत नाही, परंतु दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्याला कोण अडवणार? मात्र धमकी आलीच तर घाबरून संभाषण पुसून टाकण्याची चूक करू नये, कारण पुरावा तोच असतो. पैसे देऊ नयेत. दिल्यावर मागणी वाढतेच. पैसे गेले असतील तर तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे, आणि एरवी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा रायबंदरच्या सायबर गुन्हे पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवावी. संमतीविना खासगी फोटो पसरवणे रोखणाऱ्या स्टॉपएनसीआयआय या सेवेत मूळ फोटो आपल्याच फोनमध्ये राहतो आणि त्याचा केवळ अंकीय ठसा फेसबुक, इन्स्टाग्राम, बंबल यांसारख्या सहभागी मंचांकडे जातो; तो फोटो तिथे कोणी टाकू पाहिला तर ओळखून रोखता येतो. त्यासाठी आपली प्रत आपल्याकडे असावी लागते, म्हणून तीही रागाच्या भरात पुसू नये.