फोनवरची देणगी: ताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली आणि मुद्दामच लगेच उत्तर दिलं नाही, कारण त्यातली एक गोष्ट मला लागली आणि ती बरोबर होती म्हणूनच लागली. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की फोनवर कोणी देणगी मागितली तर द्यायची नाही, काम कितीही चांगलं वाटो, सरळ फोन ठेवायचा. त्यावर ताईंचं म्हणणं असं की त्यांनी स्वतः तीन वर्षं एका संस्थेसाठी फोन केलेत, संस्था खरी होती, मुलांवर खरोखर उपचार व्हायचे आणि दिवसभर लोकांचं वाट्टेल ते ऐकून त्या कितीदा घरी जाऊन रडल्यात. ‘चार चोरांपायी तुम्ही चाळीस चांगल्यांना उपाशी मारताय’ हे त्यांचं वाक्य. आणि शेवटी, ‘रजिस्ट्रेशन नंबर विचारा, खरा निघाला तर द्या, इतकं सोपं आहे.’

आधी माझं चुकलं ते सांगतो. ‘सरळ फोन ठेवायचा’ हे मी लिहायला नको होतं. पलीकडे बोलणारी मुलगी बहुतेक वेळा पगारावर असते, समोरच्या स्क्रीनवर जे लिहिलंय ते वाचते, आणि पैशाचं पुढे काय होतं हे तिलाही धड कोणी सांगितलेलं नसतं. तिच्यावर राग काढायचं काही कारण नाही. ‘मी फोनवर देणगी देत नाही, तुमचा दिवस चांगला जावो’ एवढं म्हणायला पाच सेकंद लागतात. ते वाक्य लेखात आजच बदलतोय.

पण रजिस्ट्रेशन नंबरचं तुम्ही म्हणता तेवढं सोपं असतं तर मी तो लेख लिहिलाच नसता. नोंदणी आहे म्हणजे संस्था कागदावर आहे, एवढंच त्यातून कळतं. पैसा कुठे जातो ते नाही कळत. अमेरिकेतलं उदाहरण देतो कारण तिथली कोर्टाची कागदपत्रं सगळ्यांना वाचायला मिळतात. 2015 साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांची फसवणूक रोखणारं सरकारी खातं) आणि सगळ्याच्या सगळ्या 50 राज्यांनी मिळून कॅन्सरच्या नावाने पैसे गोळा करणाऱ्या चार संस्थांवर केस केली. कॅन्सर फंड ऑफ अमेरिका ही त्यातली मुख्य. 2008 ते 2012 या काळात या चौघींनी 18 कोटी 70 लाख डॉलर गोळा केले होते, त्यातले बरेचसे असे फोन करून. आणि चारही संस्था रीतसर नोंदणी झालेल्या होत्या हो! तुम्ही नंबर विचारला असतात तर त्यांनी दिला असता आणि तो खराच निघाला असता. पैसा मात्र गेला गाड्या, सहली आणि घरच्याच माणसांच्या पगारात, आणि फोन करणाऱ्या कंपन्यांना तर बऱ्याचदा प्रत्येक देणगीतले 85 टक्के किंवा त्याहून जास्त मिळायचे.

हे 85 टक्क्यांचं प्रकरण जरा नीट सांगायला हवं, कारण माझा सगळा मुद्दा तिथेच आहे आणि मागच्या लेखात तो मी घाईत उरकला होता. बऱ्याच संस्था स्वतः फोन करत नाहीत, ते काम बाहेरच्या कंपनीला देतात, आणि ती कंपनी जमलेल्या रकमेतून आपला वाटा कापून उरलेलं संस्थेला देते. म्हणजे संस्था खरी, काम खरं, फोनवरचं माणूसही प्रामाणिक, आणि तरी तुमच्या शंभरातले पंधराच तिथे पोचतात असं होऊ शकतं. यात चोर कोणीच नाही. ताई, तुम्ही चार चोर आणि चाळीस चांगले असा हिशोब मांडलात, पण मला जास्त काळजी या मधल्यांची वाटते, कारण ते कुठल्याच यादीत ‘फ्रॉड’ म्हणून सापडत नाहीत.

आणि हा वाटा किती, हे ते आपणहून सांगतीलच असं नाही. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 1988 साली नॉर्थ कॅरोलिना राज्याच्या एका केसमध्ये निकाल दिला की देणगी मागण्याआधी आपला वाटा सांगायची सक्ती अशा कंपन्यांवर करता येणार नाही, कारण पैसे मागणं हेही भाषणस्वातंत्र्यात येतं. नंतर 2003 मध्ये इलिनॉय राज्याची केस आली. तिथल्या फोन करून देणगी मागणाऱ्या कंपन्या 85 टक्के स्वतःकडे ठेवत होत्या आणि लोकांना सांगत होत्या की बराचसा पैसा माजी सैनिकांना जातो. तेव्हा त्याच कोर्टाने म्हटलं, गप्प राहणं वेगळं, पण खोटं सांगितलंत तर ती फसवणूक आणि राज्य तुमच्यावर खटला भरू शकतं. हे वाचल्यापासून मी एक प्रश्न ठरवूनच विचारतो, ‘तुम्ही संस्थेचे कर्मचारी आहात की बाहेरच्या कंपनीचे, आणि मी दिलेल्या शंभरातले किती संस्थेला मिळतात?’ न विचारता सहसा कोणी सांगत नाही, पण विचारल्यावर काय उत्तर येतं, किंवा येतच नाही, त्यावरून बरंच कळतं. ‘सगळेच्या सगळे पोचतात’ असं झटकन उत्तर आलं की मला उलट शंकाच येते. फोन करायलाही खर्च आहेच की.

आता माझ्या मावशीबद्दल. मागच्या लेखात मी तिचा विषय टाळला होता कारण ती तो वाचणार होती, या वेळी तिला विचारून लिहितोय. तिच्या फोनशेजारी एक वही असते. त्यात तिने दिलेल्या प्रत्येक देणगीची तारीख, संस्थेचं नाव, आणि पुढे बारीक अक्षरात कशासाठी ते लिहिलंय, ‘मुलीचं हृदयाचं ऑपरेशन’, ‘अंध मुलांची शाळा’ असं. सुरुवातीला महिन्यात एखादी नोंद, मग आठवड्याला एक, मग एका पानावर नऊ. एकदा हो म्हणणाऱ्या माणसाचा नंबर यादीत वर जातो आणि अशा याद्या विकल्याही जातात, त्यामुळे जी देते तिलाच जास्त फोन येतात. त्या नऊमधली तीन नावं इतकी सारखी होती, एक शब्द इकडे एक तिकडे, की मावशी त्यांना एकच संस्था समजत होती. आणि दोन नोंदींपुढे तिने लिहिलेलं, ‘मागच्या वर्षी कबूल केलेले’. मी विचारलं, तू कबूल केलं होतंस? तर म्हणाली, आठवत नाही रे, पण ती म्हणाली तर केलं असेन. ताई, मला सगळ्यात जास्त राग याचा आला. वय झालेल्या माणसाला स्वतःच्या आठवणीची आधीच खात्री वाटत नसते आणि नेमका त्याचाच वापर केलेला. न दिलेल्या शब्दाची आठवण करून देणं ही ओळखीची युक्ती आहे, तरुण माणसंही तिला फसतात.

त्यातला एक फोन मी तिच्याकडे असताना आला होता, स्पीकरवर होता. बाई सांगत होती की बाळाचं ऑपरेशन उद्या सकाळी आहे, आज संध्याकाळपर्यंत रक्कम भरायचीय, आणि ती श्वास घ्यायला थांबली तेव्हा मागून दुसऱ्या कोणाचा आवाज आला, ‘बाळाचं ऑपरेशन उद्या सकाळी आहे’, तेच शब्द, तीच चाल. मावशीला ऐकू आलं नाही. मला आलं.

हॉस्पिटलची निकड खरी असूच शकते, मी नाकारत नाही. पण ज्या संस्थेला आज पैसे हवेत तिला उद्याही हवेच असतात, आणि ‘मी तुमच्या ऑफिसला स्वतः फोन करून भरते’ म्हटल्यावर जी संस्था खरी आहे ती नाराज होत नाही, पत्ता देते. तो फोन मात्र आपण शोधलेल्या नंबरवर करायचा, त्यांनी दिलेल्या नाही, आणि स्क्रीनवर दिसलेल्या तर नाहीच, कारण इंटरनेटवरून कॉल करणाऱ्याला समोरच्या स्क्रीनवर हवा तो नंबर दाखवता येतो. कोणी गिफ्ट कार्ड मागितलं, क्रिप्टोत द्या म्हणालं किंवा ओटीपी सांगा म्हणालं तर तिथे विचार करायचंच कारण नाही, ते संस्थेचं माणूस नव्हे.

अजून एक. पलीकडे माणूसच असेल असंही नाही. 2021 साली असोसिएटेड कम्युनिटी सर्व्हिसेस नावाच्या, संस्थांसाठी फोन करून देणगी मागणाऱ्या अमेरिकन कंपनीची केस मिटली, तिच्यावर 6 कोटी 70 लाख लोकांना 130 कोटी कॉल केल्याचा आरोप होता. त्यातले बरेचसे कॉल आधी रेकॉर्ड केलेल्या वाक्यांचे होते. ऑपरेटर बटण दाबतो, ‘हो काकू, अगदी बरोबर’ टाइप आवाज वाजतो. ओळखायचं असेल तर मध्येच काहीतरी भलतं विचारा, माणूस अडखळतो, हसतो, रेकॉर्डिंग मात्र आपलं पुढचं वाक्य म्हणतं.

राहिला तुमचा उपासमारीचा मुद्दा. मावशी आता वर्षाच्या सुरुवातीला बसून तीन संस्था ठरवते, त्यांचे जमाखर्चाचे अहवाल मी तिला वाचून दाखवतो, आणि ती थेट त्यांच्या खात्यात भरते. अहवाल बघताना पैसे गोळा करण्यावर किती टक्के खर्च झाले एवढंच आम्ही बघत नाही. नवीन संस्थेचा किंवा फारसं कोणाला माहीत नसलेल्या आजारावर काम करणाऱ्यांचा खर्च सुरुवातीला जास्त असतो आणि त्यात गैर काही नाही. पण तोच जास्तीचा खर्च पाच-सात वर्षं चालू असेल आणि काम तेवढंच असेल तर आम्ही थांबतो. वहीतली रक्कम कमी झालेली नाही, थोडी वाढलीच आहे, नोंदी मात्र तीनच.

तर ताई, तुमच्यासारख्यांना मी उपाशी मारत नाहीये असं मला मनापासून वाटतं. तुमची संस्था खरी आहे हे मी मानतो, तुमचे कष्ट तर मानतोच. एक मात्र विचारायचंय, आणि रागावू नका. त्या तीन वर्षांत तुमचा पगार संस्था द्यायची की मधली कंपनी, आणि शंभरातले किती त्या मुलांपर्यंत जायचे हे तुम्हाला कोणी सांगितलं होतं का? नाव इथे लिहू नका, नुसता आकडा सांगितलात तरी चालेल. चांगला असेल तर लेखात वरच टाकतो, आणि संस्थेचं नाव मला खाजगीत कळवा, जानेवारीत मावशीबरोबर बसेन तेव्हा त्यांचाही अहवाल काढून बघतो.