मांजर पाळा, पण खिसा सांभाळा

मांजर आणलंत? झकास. पोरं खूश, घरातले चार उंदीर कमी आणि स्टेटसला रोज नवा फोटो. अडचण एवढीच की ते खातं. दिवसातनं चार वेळा पायात घुटमळतं आणि तोंड वर करून ओरडतं. गॅसचा दर हा असा, तेलाचा तो तसा, त्यात मांजराचं जेवण कुठल्या वहीत लिहायचं? परवाच जनावरांच्या डॉक्टरांचं बिल भरून आलोय, त्यामुळे या विषयातला माझा अधिकार अगदी ताजा आहे. म्हणून कमीत कमी पैशात मांजर कसं वाढवावं याचं हे मार्गदर्शन. सगळे उपाय आपल्या गावात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहेत. त्यातनं एखादं मांजर गेलंच तर 'त्येचं आयुष्यच तेवढं हुतं' म्हणायचं, हेही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय.

सुरुवात दुधापासून. मांजराला दूध लागतं हे आपल्याला पाळण्यात असल्यापासून माहीत असतं. त्यातून आपण कोल्हापूरचे. गंगावेशीत म्हैस समोर पिळून फेसाचा ग्लास हातात देतात. पैलवानाला चालतं ते मांजराला का चालू नये? सकाळी वाटीभर दूध, त्यात रात्रीची भाकरी कुस्करून. झालं जेवण. आईचं दूध सुटलं की मांजराच्या पोटातलं दूध पचवणारं लॅक्टेज कमी होत जातं आणि बऱ्याच मोठ्या मांजरांना दुधानं जुलाब लागतात, ही डॉक्टर लोकांची कुरकुर आहे. जुलाब तुम्हाला थोडेच पुसायचे आहेत? घरात बायका आहेत की.

१९७५ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी मांजरांना प्रथिन म्हणून दुधातलं केसिनच घालून बघितलं होतं. त्या मांजरांच्या डोळ्यांतला पडदा झिजत गेला. टॉरिन नावाचा एक घटक मांजराच्या शरीराला पुरेसा बनवता येत नाही, तो मांस-मासळीतनंच यावा लागतो. तो नसेल तर हृदयाचा स्नायू ताणून पातळ होतो, हे १९८७ मध्ये सिद्ध झालं आणि त्यानंतर कंपन्यांनी फूडमधलं टॉरिन वाढवलं. वेळेत टॉरिन मिळालं तर हृदय सावरू शकतं, गेलेली नजर परत येत नाही. पण तुम्ही घाबरू नका, दूध-भाकरी चालू ठेवा. आंधळं मांजर कमी फिरतं. कमी फिरलं की भूक कमी. म्हणजे पुन्हा बचतच.

कुत्र्याचं फूड स्वस्त पडतं, तेच घाला. शेपूट दोघांनाही असते.

पाण्याची वाटी ठेवू नका. गटार आहे, रंकाळा आहे.

चहात बुडवलेलं ग्लुकोज बिस्किट द्या. मांजराला गोड चव कळतच नाही, ती ओळखणारं जनुकच त्याच्यात निकामी असतं, हे २००५ मध्ये उघड झालंय. पण तुम्हाला कळते ना गोड? मग प्रेम पोचलं.

श्रावणात घरातलं चूलखंड पवित्र असतं, तेव्हा मांजरालाही महिनाभर दहीभातावर ठेवा. ते जन्मजात मांसाहारी आहे, गाजर-भोपळ्यातल्या कॅरोटीनपासून अ जीवनसत्त्व करणं त्याला जमत नाही, वगैरे ठीक आहे. पुण्याला जीवनसत्त्व लागत नाही. आदल्या आठवड्यात गटारीला तुम्ही सगळ्यांच्या वतीनं खाल्लेलंच आहे. खरं तर श्रावणात चिकनला गिऱ्हाईक नसतं, दर उतरतो. ज्याला मांजराच्या जेवणात खरंच चार पैसे वाचवायचेत त्यानं हाच महिना धरावा. पण तसं केलं तर शेजारी काय म्हणतील!

कोवळी पिल्लं असतील तर नुसतं बिनहाडाचं मांस द्या, किंवा कलेजी स्वस्त मिळते म्हणून रोज कलेजीच द्या. नुसत्या मांसात कॅल्शियम नसल्यासारखंच, त्यामुळे वाढत्या पिल्लाची हाडं वाकतात. आणि रोजच्या कलेजीनं अ जीवनसत्त्व साठत जाऊन मानेचे मणके जखडतात. एका बाजूनं कमी, दुसऱ्या बाजूनं जास्त. सरासरी बरोबर येते.

आता मुख्य पदार्थाकडं वळू. रस्सा.

कोल्हापुरात राहून मांजराला रस्सा चाखवला नाही तर माणूस म्हणून तोंड कसं दाखवणार? रविवारी मटण होतं. तळाला तांबडा उरतो, पातेल्याला मसाला चिकटलेला असतो, ताटात चोखलेली हाडं असतात. त्यात भात कालवला की मांजराची मेजवानी. फुकट. अन्न वाया गेलं नाही याचं समाधान वेगळंच. मी एका लग्नाला गडहिंग्लजला गेलो होतो. जाताना आमच्या ठकीचं फूड डब्यात मोजून, डबा शेजारच्या मामांच्या हातात देऊन गेलो होतो. येऊन बघतो तर डबा होता तसा. मामांनी तिला रोज रस्सा-भात घातलेला. फूड तिला आवडत नाही, असं त्यांचं निरीक्षण. "आवो, वाळकं चणं खाईल व्हय ती? मटणाचा मसाला लई आवडीनं खाल्ली बघा. वाटी चाटून पुसून."

ती जिन्याखाली बसली होती. हाक मारली तर नुसती मान वर केली. हिरड्या पांढऱ्या पडलेल्या आणि लघवी लालसर तपकिरी.

मामा, त्या मसाल्यात काय असतं ते तुम्हाला मी सांगायचं? दर उन्हाळ्यात अंगणभर कांदा वाळतो, लसूण सोलून सोलून बोटं जळतात, मग मिरची, खोबरं, धणे सगळं कांडपाला जातं आणि वर्षाची चटणी डब्यात बसते. तुमच्या घरची चटणी वाड्यात सगळ्यात झणझणीत, हे मी चारचौघांत सांगतो. तोच कांदा आणि तोच लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. कांद्यातली गंधकाची संयुगं हिमोग्लोबिन खराब करतात, आणि मांजराचं हिमोग्लोबिन या बाबतीत कुत्र्यामाणसापेक्षा फार नाजूक. वजनाच्या दर किलोला पाचेक ग्रॅम कांदा पुरतो. म्हणजे चार किलोच्या मांजराला वीस ग्रॅम. एका फोडीचं काम. शिजवून त्याचं विष जात नाही, वाळवून तर ते आटून घट्ट होतं, आणि लसूण कांद्याच्या वरचढ. त्रास लगेच दिसतही नाही, चार-पाच दिवसांनी दिसतो. तोवर आपण म्हणतो, काय हुतंय त्येला, आमच्यात कायम खातंय की.

पांढरा रस्सा तिखट नाही म्हणून चालतो, असं सांगणारेही भेटले. लसूण पांढराच असतो साहेब. आणि 'अळणी', म्हणजे मसाला पडायच्या आधीचं मटणाचं पाणी, काढून ठेवतो म्हणणाऱ्यांनी आधी आपल्या अळणीत काय पडतं ते आठवावं. आलं-लसणाचं वाटण मटणाबरोबरच जातं.

दवाखान्यात रक्त तपासलं, सलाईन लावलं, रोज इंजेक्शनाला नेलं. ठकी वाचली, अजून अशक्त आहे. बिलात तिचं कितीतरी महिन्यांचं जेवण आलं असतं. मामांनी बिलाचा आकडा ऐकला आणि म्हणाले, "मांजरावर एवढं घालवलासा? खुळं हाईसा काय?" रस्सा फुकट होता ना. तो असा फुकट होता.

आणि तरी मामांवर माझा राग अर्धाच आहे. त्यांना ठाऊक नव्हतं. ज्यांना ठाऊक आहे त्यांचं काय? दहा-पंधरा हजार मोजून पर्शियन आणतात. तिला चांदीचा घुंगरू, मखमली गादी, वाढदिवसाला केक, केकला मेणबत्ती. आणि महिनाअखेरीला दुकानदाराला विचारतात, "सुट्टं फूड हाय काय, पिशवीतलं, जरा कमीतलं?" कधी फोडलेलं, कुठल्या गोणीतलं, मुदत काय, कशाचा पत्ता नाही. बजेट आठवतं ते मांजराच्या ताटलीपाशी आल्यावर. मटणाचा दर वाढला म्हणून २०१९ च्या अखेरीला या गावानं कृती समिती काढली, आंदोलन केलं. आपल्या ताटात किती मांस पडावं याबद्दल आपण किती जागरूक आहोत! घरातल्या ज्या प्राण्याला मांसाशिवाय जगताच येत नाही, त्याच्यापुढं मात्र भाकरीचा तुकडा टाकून, "माजलंय, खाईना झालंय."

पैशाची अडचण मला कळते. आमच्या बोळात चार घरची भांडी घासणाऱ्या एक मावशी आहेत. त्यांच्याकडं एक भाटी आहे, अंगानं भरलेली, केस तुळतुळीत. मावशी चिकनवाल्याकडनं आठवड्याला माना आणि दिल घेतात, स्वस्तात मिळतात म्हणून. मीठ नाही, हळद नाही, नुसत्या पाण्यात कुकरला लावतात. शिजलेलं हाड चिरफळतं आणि घशात-आतड्यात रुततं, म्हणून मानेचं मांस हातानं सोडवून हाडं टाकून देतात. वरचं पाणी फेकत नाहीत, त्यातच कालवतात. टॉरिन पाण्यात उतरतं हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. चव पाण्यात जाते एवढं माहीत आहे आणि तेवढं पुरतं. घरात अंडं उकडलं तर चतकोर तिचं. बाकी रोज मूठभर कोरडं फूड. त्यांच्या तोंडून 'परवडत नाही' हा शब्द मी ऐकलेला नाही. तो ऐकतो गाडी पार्किंगला लावून वर येणाऱ्यांकडून.

तर आता मस्करी पुरे, नीट ऐका.

चार किलोच्या घरातल्या मांजराला दिवसाला दोनशे ते अडीचशे कॅलरी लागतात. कोरडं फूड असेल तर साठेक ग्रॅम. एका मिसळीच्या पैशात मांजर दोन-तीन दिवस जेवतं, तेही जादा पाव न मागता. भारीतलं घ्या असं कुणी म्हणत नाही. साधं घ्या, पण मांजराचंच घ्या, पाकिटावर 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड' लिहिलेलं आणि मुदत बघून. कुत्र्याच्या फूडमध्ये मांजराला पुरेल इतकं टॉरिन असेलच असं नाही. मोठं पाकीट स्वस्त पडतं, तर दोघा-तिघांत मिळून घ्या आणि हवाबंद डब्यात ठेवा. त्याला जोड म्हणून वर सांगितलेलं चिकन. छातीपेक्षा तंगडीचं मांस आणि दिल बरं, टॉरिन तिथं जास्त आणि पैसे कमी. कलेजी आठवड्यातनं एकदा, सुपारीएवढी. घरचंच जास्त घालत असाल तर धुऊन वाळवलेल्या अंड्याच्या कवचाची बारीक पूड अर्धा किलो मांसाला अर्धा चमचा. मासळी द्यायची तर शिजवून. काही कच्च्या माशांत ब-१ जीवनसत्त्व मारणारा घटक असतो, तो शिजवल्यानं जातो. सुकट खारट असते, नको. बोका लघवीला बसून कुंथतोय आणि होत नाहीये, तर त्याच दिवशी डॉक्टर. मांजर दोन दिवस जेवलं नाही, तर डॉक्टर. लठ्ठ मांजर उपाशी राहिलं की यकृतात चरबी भरते आणि ते हातचं जातं, त्याला 'भूक लागली की खाईल' हा उपाय नाही.

आणि ऑपरेशन करून घ्या. भाटी दोन महिन्यांत वितेल, मग चार तोंडं, मग पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून रात्री कुणाच्या तरी दारात. खर्चाच्या गोष्टी करणारेच हे करतात. लाज वाटत नाही का? एका मांजराचं पोट भरत नाही म्हणता आणि पाच करून ठेवता.

घरात मटण शिजवा, तांबडा करा, पांढरा करा, आम्हाला बोलवा. मांजराची वाटी वाटण पडायच्या आधी काढा. एवढं एक काम आहे, त्याला पैसा लागत नाही. तेही होत नसेल तर मांजर पाळू नका, मोबाइलवर बघा.

आणि हे सगळं वाचून झाल्यावर मला फोन करून "दूध पीत नाही ओ, काय करू?" असं विचारू नका. पाणी ठेवा.