टक्कर कसली? संसार आहे तो

चिनी छायाचित्रकार झांग केचुनच्या ‘पीत नदी’ या छायाचित्रमालिकेवरच्या तुमच्या लेखात ‘परंपरा आणि तंत्रज्ञानाची टक्कर’ असं म्हटलंय, ते काही पटलं नाही. टक्कर बघणाऱ्याच्या डोक्यात असते हो. मी कामानिमित्त तीन वर्षं चीनमध्ये ग्वांगचौला होतो. एप्रिलच्या सुरुवातीला छिंगमिंगचा सण येतो, म्हणजे पितरांचा दिवस. शेजारच्या आजी पत्र्याच्या डब्यात कागदी नोटा जाळत होत्या, आणि त्यांच्यासोबत कागदाचा आयफोन. डब्यात चार्जरही होता, कागदाचाच! मला हसू आलं, पण आजी अगदी गंभीर. मग आठवलं, आपल्याकडेही श्राद्धाच्या पानात आजोबांच्या आवडीची भजी असतातच की. तिथल्या आजोबांना फोन आवडायचा, फोन पाठवला. संपलं.

चीनमधल्या निंग्श्या भागातल्या कोळशाच्या आवारातलं बुद्धाचं प्रचंड मस्तक दाखवणाऱ्या झांगच्या फोटोला (२०११) मात्र लेखात ‘स्वप्नवत’ म्हटलंय, ते नेमकं. पण ते स्वप्न आलं कुठून, यावर एक ओळही नाही. फिकट आभाळ, मोठ्या फिल्मचा कॅमेरा, लांबून घेतलेली चौकट आणि त्यात मुंगीएवढी माणसं, सगळी करामत त्यात आहे. याच्या अगदी उलट चीनमधल्याच छंगदू शहराचा छायाचित्रकार फंग ली. हा अनेक वर्षं सरकारी खात्यात फोटो काढलेला माणूस, रस्त्यावर समोरच्याच्या तोंडावर थेट फ्लॅश मारतो आणि रोजचंच दृश्य भुताटकीसारखं दिसायला लागतं. त्याचं नाव लेखात हवं होतं.